एकोणीस नंबरची कडी

१

"ट्रॅक्टर पुढं निघून गेल्ता, ताई. म्हणून मी सायकल रस्त्यावर घेतली. तर मागून हडंबा एकटाच येऊन राह्यला."

पुंजाराम हे सांगताना हसला. त्याचा उजवा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये होता आणि जालन्याच्या दवाखान्यातला पंखा बंद होता. तरी तो हसला. मला हसू आलं नाही. तो हडंबा आम्ही विकला होता.

हडंबा म्हणजे गहू-हरभरा मळायचं मोठं यंत्र. दोन चाकांवरचं दीड टन वजन ट्रॅक्टरमागे जोडून गावोगाव फिरवतात. जोडणारी वस्तू एकच. पुढे लोखंडी दांडी, तिच्या टोकाला कडी आणि कडीतून ट्रॅक्टरची पिन. कडीचा जोड सदोष निघाला, भेगा पडू लागल्या, तेव्हा कंपनीने सगळे हडंबे दांडी बदलण्यासाठी परत बोलावले. आमच्या परतूरच्या एजन्सीने छत्तीस विकले होते. १९९७ च्या जानेवारीत छत्तीसच्या छत्तीस येऊन गेले. प्रत्येकाची जुनी दांडी काढून स्टोअरमध्ये जमा झाली आणि नवी बसवली गेली.

हे मी खात्रीने सांगते, कारण यादी माझी होती. मी एजन्सीत तपासणी सहायक. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केल्यावर मिळालेली पहिली नोकरी. "छत्तीसपैकी छत्तीस" या ओळीखाली माझी सही आहे: सत्यशीला.

आणि मार्चच्या तेरा तारखेला वडीगोद्रीजवळ भर रस्त्यात कडी तुटली. तुटलेला तुकडा मी स्वतः उचलून आणला. घासून पाहिला. त्यावर कारखान्यात ठोकलेला आकडा स्वच्छ होता: १९. म्हणजे ही जुनी, सदोष दांडी.

मी स्टोअर उघडायला लावलं. जमा झालेल्या जुन्या दांड्या भिंतीशी रचलेल्या होत्या. मोजल्या. छत्तीस.

एकोणीस नंबरची जागेवर होती.

२

"यात कोडं कसलं?" एजन्सीचे मालक रामरावसाहेब शुक्रवारी शेडमध्ये सगळ्या कामगारांसमोर म्हणाले. "भिवा, नवी दांडी कुठं विकली?"

भिवा आमचा वेल्डर. सगळ्या नव्या दांड्या त्यानेच बसवल्या होत्या. त्याने हातमोजे काढले आणि नीट घडी करून बाकावर ठेवले.

"मी बसवली, साहेब."

"बसवली तर जुनी रस्त्यावर कशी तुटली? तू नवी बाजारात दिली, जुनीच पुन्हा आवळली. अन् गिनती भरायला कुठलीतरी दांडी घेऊन तिच्यावर एकोणीस ठोकला. नंबरचे पंच कोणापाशी असतात? तुझ्यापाशी. चोर हायेस तू. एका माणसाचा पाय घालवला."

शेडमध्ये नऊ माणसं होती. एकानेही मान वर केली नाही.

"सोमवारी पुण्याहून कंपनीचे इंजिनिअर येणार. त्यांच्यासमोर तुला पोलिसांत देतो. तवरोक कामावर यायचं न्हाई."

मी त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये गेले. म्हटलं, साहेब, दोन्ही दांड्या मला नीट तपासू द्या.

"तपासा की. पण एक सांगतो बाई, तो तुमच्या समाजाचा हाय म्हणून वाचवू बिचवू नका."

हे ऐकल्यावर माणसाने काय करावं, हे कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हतं. भिवा निर्दोष ठरला तर मी आपल्या माणसाला वाचवलं. दोषी ठरला तर आपलीच माणसं अशी. मी फक्त विचारलं, "सोमवारपर्यंत मुदत आहे ना?"

भिवा फाटकापाशी सायकलला टेकून उभा होता.

"भिवादादा, खरं सांगा. एकोणीस नंबरला नवी बसवली होती?"

"बसवली. नट आवळल्यावर लाल रंगाचा टिपका देतो मी दरेक नटावर. हलला तर कळावं म्हणून."

"आणि जुनी काढली कोणी?"

"ज्याचा हडंबा त्यानं. लाइन लागल्ती ना, एका दिवसात चार-चार हडंबे. तुम्हीच सांगितलं, जुनी ज्यानं त्यानं सोडून स्टोअरला जमा करायची, मंगच नवी मिळंल. जुन्या मला कधी दिसल्याच न्हाईत."

बरोबर. ती पद्धत माझी होती. मला तिचा अभिमानही होता.

३

स्टोअरकीपर रामकिसनला कुठलीही गोष्ट विचारली की तो आधी चहा मागवतो. मी चहा नाकारला, तर त्याने दोन मागवले.

"जमा होताना दांड्या पाहिल्या होत्या का?"

"बराबर पाह्यल्या."

"काय पाहिलं?"

"नंबर."

"आणखी?"

"आणखी काय राह्यतं दांडीला? नाक-डोळे?"

"सगळ्या सारख्या होत्या?"

"सगळ्या जळक्या तेलानं माखेल. कोण हात लावंल? आकडा दिसला, तुमच्या फारमावर टिक केली. तुमच्या फारमात 'नंबर' एवढाच रकाना हाय बाई."

तो खरं बोलत होता, याचाच जास्त राग आला.

मी स्टोअरमधली एकोणीस नंबरची दांडी ओढून उजेडात घेतली आणि व्हर्नियरने कडीचं भोक मोजलं. आडवं बत्तीस मिलिमीटर. उभं, म्हणजे दांडीच्या लांबीच्या दिशेने, बत्तीस. मग शेजारची सात नंबरची मोजली. आडवं बत्तीस, उभं पस्तीस. बावीस नंबरची, आडवं बत्तीस, उभं साडेचौतीस.

साधी गोष्ट आहे. ट्रॅक्टरची पिन कडीला नेहमी पुढच्या बाजूने ओढते. तीन हंगाम दीड टन ओढल्यावर भोक पुढे झिजून लांबट होणारच. रस्त्यावरच्या तुकड्यावर ती झीज स्पष्ट होती, आणि तुटलेल्या जागी अर्धा भाग गंजून काळा, अर्धा चकचकीत होता. भेग जुनी, तुटणं ताजं. तुटलेली तीच खरी एकोणीस.

आणि स्टोअरमधल्या एकोणीसने आयुष्यात काहीही ओढलेलं नव्हतं.

"म्हणजे साहेब म्हणले तसंच झालं की," रामकिसन चहा फुंकत म्हणाला. "भिवानं बनावट करून ठेवली."

मी रॉकेलच्या बोळ्याने तिच्यावरचं तेल पुसलं. आकडा हळूहळू उघडा पडला. कारखान्याचा पंच एका घावात उठतो, आकड्याची रेघ सलग आणि खोल असते. भिवाचे पंचही तसेच. या आकड्याला मात्र रेघच नव्हती. शेजारी शेजारी मारलेले मोहरीएवढे टिंब होते. मी भिंगातून मोजले. नुसत्या नवात एकतीस.

"गंजाचे खड्डे हायेत ते," रामकिसन म्हणाला.

"गंज नऊ काढतो का?"

त्याने दुसराही चहा स्वतःच पिऊन टाकला.

४

शनिवारी मी वडीगोद्रीला उतरले. तिथून दोन किलोमीटरवर हडंब्याच्या मालकाची, बद्रीनाथची वस्ती. मोसंबीची बाग, गोठा, तीन खोल्यांचं घर. अपघातातला हडंबा लिंबाखाली पुढे झुकून पडला होता. त्याचा ड्रायव्हर मच्छिंद्र चाकाला टेकून तंबाखू मळत होता.

"पोलीस गेले, कंपनी आली," तो म्हणाला. "आता तहसीलदार तेवढा राह्यला."

"नवी दांडी कुठे आहे?"

"कोणती नवी?"

मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याच्या पाठीमागे पाण्याचा टँकर उभा होता. बागेला पाणी घालायचा, चार हजार लिटरचा. त्याच्या पुढे कंपनीच्या निळ्या रंगाची कोरी दांडी होती. मी वाकून आकडा वाचला. एन-१९, म्हणजे नव्या दांडीचा नंबर.

"ही कोणती?"

मच्छिंद्र तंबाखू मळायचा थांबला. "ती व्हय. ती लई दणकट हाय, ताई. हडंब्याला काय, वर्षात तीन महिने ओढायचा. टँकर रोजचा, त्यात भरेल पाणी. चांगली दांडी अवजड कामाला लावावी का न्हाई? चार भोकं पाडली, बसवली."

"आणि हडंब्याला?"

"त्याची जुनी होतीच की. तीन वर्सं काय झाल्तं तिला?"

मी डोळे मिटून पाच आकडे मोजले. पत्रक छापलं होतं. गावोगाव वाचून दाखवलं होतं. 'कडी तुटून जीवितहानी होऊ शकते' हे वाक्य मी स्वतः ठळक करायला लावलं होतं. आणि या माणसांनी त्यातून एवढाच अर्थ काढला की नवी दांडी चांगली आहे, तेव्हा ती जपून वापरावी.

तेवढ्यात बद्रीनाथ घरातून बाहेर आला. टँकरजवळ मला पाहून त्याचा चेहरा बदलला.

"तुमच्या वेल्डरनं बसवलीच न्हाई ती," तो घाईने म्हणाला. "नवी हातात दिली, म्हणला घरी बसवा. जुनी तशीच ठेवली हडंब्याला. पोलिसांपुढं बी हेच सांगंन."

भिवाच्या गळ्यात आणखी एक दोर. मी हडंब्याकडे गेले. तुटक्या दांडीचा मागचा भाग अजून चार नटांनी सांगाड्याला आवळलेला होता. नटांवर वाळलेल्या लाल रंगाचे अर्धे टिपके होते. उरलेले अर्धे सांगाड्यावर. पण दोन्ही अर्धे एकमेकांसमोर नव्हते. एक नट पाव फेरा पुढे, एक अर्धा फेरा मागे.

"हे नट भिवाने आवळले आणि नंतर दुसऱ्या कोणी उघडले," मी म्हटलं. "नवी त्याने याच हडंब्याला बसवली होती. मग तुम्ही स्टोअरला जमा केलेली जुनी कोणाची?"

"मला म्हाईत न्हाई," बद्रीनाथ म्हणाला आणि बागेकडे निघून गेला. प्रश्नापासून पळणारा माणूस मी इतक्या जवळून प्रथमच पाहिला.

ओसरीवर त्याची आई तुळजाबाई हरभरा निवडत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. सुपावरून मान न उचलता म्हणाली, "उन्हात उभी राहून भांडू नगंस. ये. कोण्या गावची तू?"

"परतूरची."

"आडनाव?"

मी सांगितलं. सुपातला हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला. तिने सुनेला हाक मारली. सून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि आता काय करावं अशी घुटमळली.

"दे तिच्या हातात," तुळजाबाई म्हणाली. "तांब्या बाटंल म्हणून पोरीला उन्हात मारती का?"

मी तांब्या हातात घेतला. पितळी, जाड, घासून लख्ख. पाणी प्यायले आणि खाली ठेवताना माझी नजर त्याच्या गळ्यावर गेली. तिथे नाव घातलेलं होतं: तुळजाबाई. लग्नात मिळालेल्या भांड्यांवर घालतात तसं.

शेजारी शेजारी मारलेले मोहरीएवढे टिंब.

५

वडीगोद्रीला रस्त्यालगत भांड्यांची दोन दुकानं आहेत. पहिल्याकडे नाव घालायचं मशीन होतं. दुसऱ्याकडे अप्पाराव होता. पायांच्या अंगठ्यांत परात धरून छिन्नीने 'चि. सौ. कां.' घालत बसलेला.

मी कागदावर आकडा काढून दाखवला. "हा लोखंडावर घालता येईल का?"

"लोखंड काय, स्टील बी ऐकतं मला," तो म्हणाला. "हाडंब्याची कडी का? आणली का संगं?"

मी खालीच बसले.

"तुम्ही घातलेत असे नंबर?"

"जानेवारीत घातले ना. बायका यायच्या. लोहाराकडून कोरी दांडी करून घ्यायच्या, अन् इथं नंबर. मी इचारलं, कायला गं? तर म्हणल्या, जुनी घरात ठेवायची. कंपनी भंगारात घालून राह्यली."

"घरात कशाला?"

त्याने छिन्नी खाली ठेवली आणि मी परदेशातून आल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "पूजेल लोखंड हाय ते, बाई. हाडंबा आला त्या रोजी कडीला हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. खंडेनवमीला दर साली तिचीच पूजा. असं लोखंड भंगारात देतेत का? घरातली लक्ष्मी निघून जाती. तुमच्या साहेबाला एवढं बी कळंना का?"

साहेबाला कळलं नव्हतं. मलाही नाही. पत्रकात मी स्पष्ट लिहिलं होतं, 'जमा झालेल्या सर्व जुन्या दांड्या तोडून भंगारात काढण्यात येतील.' लोकांना धीर यावा म्हणून.

"पहिली कोण आली होती?"

"तुळजाबाई. तिनं रस्ता दावला, मंग बाकीच्या आल्या."

"बाकीच्या?" मी विचारलं. "अप्पारावकाका, किती नंबर घातले तुम्ही?"

त्याने बोटांवर मोजलं. एकदा मोजून पुन्हा मोजलं.

"सात."

६

सोमवारी शेडमध्ये पुण्याचे इंजिनिअर खुर्चीवर, रामरावसाहेब त्यांच्या शेजारी आणि भिवा दाराशी उभा होता. बद्रीनाथला बोलावलं होतं. त्याच्याबरोबर तुळजाबाईही आली होती. कोणी बोलावलं नव्हतं तरी.

मी जमिनीवर सात दांड्या मांडल्या. शनिवारी संध्याकाळी परत येऊन छत्तीसच्या छत्तीस कड्यांची भोकं मोजली होती. सात भोकं गोल, सातांचे आकडे टिंबांचे. शेवटी रस्त्यावरचा तुकडा ठेवला. झीज दाखवली, टिंबं दाखवली. नटांवरच्या लाल टिपक्यांचा फोटो काढून आणला होता, तोही दाखवला.

"म्हणजे भिवाने नवी दांडी बसवली," मी म्हटलं. "मालकाने ती नंतर काढून टँकरला लावली आणि घरात ठेवलेली खरी जुनी हडंब्याला. इथे जमा झाली ती लोहाराने केलेली. तिच्यावरचा नंबर वडीगोद्रीच्या अप्पारावांचा."

"अप्पारावकडं भिवा बी जाऊ शकतो," रामरावसाहेब म्हणाले. "वेल्डर हाय तो. दांडी करणं त्याला काय जड?"

बद्रीनाथ लगेच म्हणाला, "मी तर पयल्यापासून सांगून राह्यलो, त्यानं बसवलीच—"

"बद्री, तोंड बंद कर," तुळजाबाई म्हणाली.

ती पुढे आली. इंजिनिअरांच्या खुर्चीपाशी न जाता दांड्यांपाशी गेली आणि टाचेने एक पुढे सरकवली.

"ही मी करून घेतली. पैठणच्या रस्त्याला लोहार हाय, त्याच्याकडून. नंबर बी मीच घालून आणला. या माणसाचं त्यात काय बी न्हाई. माझं लोखंड मी घरात पूजेला ठेवलं होतं, हाडंब्याला लावायला न्हाई. ह्या शहाण्यानं देवापुढून उचलून हाडंब्याला लावलं, मला न इचारता. ते खंडित झालं अन् एका लेकराचा पाय मोडला. चार रोज मी गप बसले, पोटच्या पोरासाठी. आज दुसऱ्याचं पोर जेलात चाललं, मंग बोलणं भागच हाय."

ती वळून रामरावसाहेबांना म्हणाली, "अन् तुम्ही मोठे लोक. भंगारात घालतो म्हणून कागद छापता. इचारलं का कोणाला?"

इंजिनिअरांनी वाकून सातही आकड्यांवरून बोट फिरवलं. "उरलेल्या सहा खऱ्या दांड्या आत्ता कुठे आहेत?"

"दोघींच्या घरी देवापुढं. चौघींच्या हाडंब्याच्या पेटीत, अडीनडीला म्हणून," तुळजाबाई म्हणाली.

गव्हाचा हंगाम भरात होता. नवी दांडी जराशी वाकली, किंवा कोणाला टँकरसाठी हवीशी वाटली, की पेटीतली जुनी बाहेर येणार होती.

"जप्त करा," रामरावसाहेब म्हणाले. "पोलीस घेऊन जाऊ."

"जावा," तुळजाबाई म्हणाली. "लेकीच्या घरी ठिवतील, विहिरीत सोडतील, पर तुमच्या हाती न्हाई देणार."

"निदान कडी कापून टाकू द्या," इंजिनिअर म्हणाले. "म्हणजे कोणी वापरणार नाही."

"कापेल लोखंड पूजतेत का? त्यापरीस भंगार बरं."

मला ओरडावंसं वाटलं. तोडायची नाही, द्यायची नाही, आणि घरात ठेवली तर कोणीतरी वापरणार. माझ्या वहीत या तिन्हींच्या पलीकडे रकाना नव्हता.

"बुजवायची," दाराशी उभा भिवा म्हणाला.

सगळे वळले.

"कडी कापायची न्हाई. तिच्या भोकात लोखंडाची चकती बसवायची अन् चौफेर वेल्डिंग मारायचं. कडी सगळीच्या सगळी राह्यती, वर भरल्यावानी दिसंल. पर पिन जायला जागाच न्हाई. मंग वापरणार कशी? पुजा खुशाल."

तुळजाबाईने विचार केला. "कुंकू लावायला बी मधी जागा व्हईल," ती म्हणाली. "मी संगं येते. सहाही घरं माझी म्हाईतीची हायेत. मीच नादी लावलं, मीच सांगते."

इंजिनिअर उठले. "आजच निघा. हे उत्तम आहे."

रामरावसाहेबांना सुटल्यासारखं झालं. "चल भिवा, जल्दी गॅसची टाकी जीपमध्ये टाक. झालं गेलं सोड. आमच्या बाई रिपोर्टात लिहितील तुझं काय न्हाई म्हणून."

भिवा जागचा हलला नाही.

"कागदात बाई लिहितील, ते बराबर हाय," तो म्हणाला. "पर शुक्रवारी तुम्ही कागदात न्हाई म्हणलं, साहेब. हिथं म्हणलं. नऊ माणसांपुढं. घरी माझ्या बायकोपस्तोर बोलणं गेलं. तवापासून ती नळावर पाण्याला जाईना."

"आता काय, माफी मागू का तुझी?"

"माफी नगं. म्हणलं ते चूक व्हतं, एवढंच. त्याच आवाजात."

शेडच्या पत्र्यावर कडकडीत ऊन होतं. कामगार हातातली कामं सोडून उभे होते. रामकिसन स्टोअरच्या दारात आला होता, चहाचा कप हातात तसाच. रामरावसाहेबांनी इंजिनिअरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी पेनाचं टोपण काढून वही उघडली.

"भिवानं काय बी केलं न्हाई," रामरावसाहेब पुटपुटले.

कोणीच हललं नाही.

त्यांनी घसा खाकरला. "भिवानं नवी दांडी बराबर बसवली होती," ते मोठ्याने म्हणाले. आवाज पत्र्यावर आपटून परत आला. "मी त्याला चोर म्हणलो. ते माझं चुकलं."

भिवाने बाकावर शुक्रवारपासून पडलेले हातमोजे उचलले, झटकून हातात घातले आणि टाकी एकट्यानेच खांद्यावर घेतली. तुळजाबाई आधीच जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन बसली होती.

"ताई," तो मला म्हणाला, "पयलं गाव कोणतं?"